भाच्याला अमेरिकेतून कोर्टाची नोटीस आलीय. डिपोर्ट करतील का? वकील कसा शोधायचा? (सांगली)

हरिपूररोड · १४ एप्रिल
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मोदक आणि मसाल्यांच्या धाग्यांवरच असते, पण आज घरचा विषय घेऊन आलेय. नावं-गावं थोडी बदललीत, कृपया खोदू नका.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा टेक्सासमध्ये आहे. इंजिनीअरिंग इकडेच केलं, मग एमएसला गेला. डिग्री झाली, ओपीटीवर (शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करायची परवानगी) नोकरी लागली, आठ महिन्यांत कंपनीने माणसं कमी केली त्यात हाही गेला. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही. विद्यार्थ्याचं स्टेटस परत मिळावं म्हणून अर्ज केला, तो नामंजूर झाला आणि मागोमाग पोस्टाने एक कागद आला, 'नोटीस टू अपिअर'. त्यात इमिग्रेशन जज, तारीख, वेळ, सगळं आहे. तारीख मे महिन्याच्या शेवटची.

त्याने फक्त मला सांगितलंय. आक्का आणि दाजींना काही माहीत नाही. तासगावला त्यांची बाग आहे, चाळीस लाखांच्या कर्जाला तीच तारण आहे. मी रात्री झोपेत 'हातकडी' म्हणून दचकून उठले म्हणे.

प्रश्न असे: हा तुरुंगात जाणार का? तारखेच्या आधी गुपचूप तिकीट काढून परत आला तर मिटेल का? आणि इथे सांगलीत बसून आम्ही काय करू शकतो? ओळखीतले एक जण म्हणाले, मिरजेत एक एजंट आहे, पाच लाखांत 'आतून सेटिंग' करतो.

भडंगप्रेमी
ताई, पहिलं काम, त्या एजंटाचा नंबर डिलीट करा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पलूसकर_पाटील
डिपोर्टेशन म्हणजे आपल्याकडची तडीपारीच की ओ. आमच्या गावातला एक दोन वर्षं जिल्ह्याबाहेर होता. परत आला तेव्हा स्वागताला डीजे लावला हुता पोरांनी.

मिरज_ते_जर्सी
हरिपूररोड ताई, मी मूळची मिरजेची, गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे हे सगळं त्याने वकिलाकडून तपासून घ्यायचंच. पण घाबरून चुकीचं पाऊल पडू नये म्हणून लिहिते.

ती नोटीस म्हणजे डिपोर्टेशनचा हुकूम नव्हे. ते आरोपपत्रासारखं आहे. सरकारचं म्हणणं काय (तू अमुक दिवशी आलास, अमुक अटीवर आलास, ती अट मोडलीस) आणि कायद्याच्या कुठल्या कलमाखाली तुला काढता येतं, एवढंच त्यात असतं. ते खरं की खोटं आणि खरं असलं तरी राहायला काही मार्ग आहे का, हे जज ठरवतात. हे फौजदारी कोर्ट नाही. इमिग्रेशन कोर्ट तिकडच्या न्याय खात्याखाली येतं आणि समोर सरकारच्या बाजूने 'आईस'चा (परदेशी लोकांना पकडणारं, परत पाठवणारं खातं) वकील उभा असतो. घरी पोस्टाने नोटीस आली आणि मोकळा फिरतोय, म्हणजे आज तरी तो अटकेत नाही. तरीही वकिलाला विचारल्याशिवाय त्याने विमानप्रवास किंवा 'आईस'च्या ऑफिसात चौकशीला जाणं टाळावं.

कागदावर वरच्या बाजूला 'ए' अक्षराने सुरू होणारा नऊ आकडी नंबर असेल. तो ए-नंबर म्हणजे त्याच्या केसचा सातबारा. तो तुमच्याकडेही लिहून ठेवा. त्या नंबरावर कोर्टाच्या वेबसाइटवर किंवा १-८००-८९८-७१८० या फोनवर पुढची तारीख कळते. हे दर आठवड्याला बघायचं. कागदावरची तारीख आणि कोर्टातली तारीख वेगळी निघते, कधी पुढे ढकलतात, कधी अलीकडे घेतात. दोन्हीकडे वेगळं दिसलं तर स्वतः अंदाज बांधत बसायचं नाही, वकिलाला विचारायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तारीख चुकली तर जज गैरहजेरीतच काढून टाकण्याचा हुकूम देतात. तिथे 'पुढची तारीख द्या साहेब' नाही. मग तो हुकूम उघडायचा तर आजारपणासारखं भलंमोठं कारण दाखवून १८० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, किंवा नोटीसच मिळाली नव्हती हे सिद्ध करावं लागतं. घर बदललं तर पाच दिवसांत कोर्टाला पत्ता कळवायचा फॉर्म वेगळा असतो, ईओआयआर-३३. पोस्टात पत्ता बदलला, कॉलेजात बदलला, एवढ्यावर भागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या रडारडीच्या मुळाशी रूममेटबरोबर बदललेलं घर असतं.

हरिपूररोड
तुमचे पाय कुठे आहेत. तो खरंच मार्चमध्ये घर बदलून मित्राकडे गेलाय! भाडं परवडत नव्हतं म्हणून. आत्ताच फोन करते.

कोयनाकाठ
तिकीट काढून सरळ परत या. चाळीस लाख गेले तर गेले. त्या देशात कोर्टकचेऱ्या करण्यात काय अर्थ आहे? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला ते लष्करी विमान उतरलं तेव्हा १०४ जणांत आपले महाराष्ट्राचेही तिघं होते. बेड्या घालून आणलं. त्यापेक्षा स्वतःच्या पायाने आलेलं बरं.

मिरज_ते_जर्सी
कोयनाकाठ दादा, भावना कळते, पण नेमका हाच सल्ला देऊ नका. केस कोर्टात दाखल झाल्यावर न सांगता निघून गेलं तर केस बंद पडत नाही. तारखेला माणूस नाही, म्हणून गैरहजेरीत हुकूम, आणि त्या हुकुमामुळे पुढे कित्येक वर्षं व्हिसाची दारं बंद. साधा फिरायचा व्हिसासुद्धा.

परत यायचंच असेल तर कोर्टाकडूनच परवानगी घेऊन यायची सोय आहे, तिला 'व्हॉलंटरी डिपार्चर' म्हणतात. सुनावणीच्या सुरुवातीच्या टप्प्यात मागितलं तर जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात. केस पूर्ण चालवून शेवटी मागितलं तर ६० दिवसच आणि अटीही कडक. खर्च आपला, तिकीट आपलं, पण अंगावर डिपोर्टेशनचा हुकूम राहत नाही. मुदतीत गेला नाही तर मात्र दंड आणि दहा वर्षं बऱ्याच सवलती बंद. म्हणजे 'घेऊन ठेवू, नंतर बघू' असलं ते नाही.

आणि ते विमान वेगळं. त्यातले बहुतेक लोक सीमा ओलांडून गेलेले होते. हा मुलगा रीतसर व्हिसावर गेलाय. दोन्ही प्रकरणांचे रस्ते वेगळे.

काळाकोट_सातारा
@पलूसकर_पाटील, तुमची तुलना गमतीची असली तरी अगदीच वायफळ नाही. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली होते. टोळीला कलम ५५, एकट्यादुकट्याला ५६, शिक्षा झालेल्याला ५७. जास्तीत जास्त दोन वर्षं. पण हुकमाआधी कलम ५९ ची नोटीस येते, आरोप काय ते सांगावं लागतं, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हुकूम झालाच तर ३० दिवसांत अपील. गंमत अशी की निम्मे लोक ५९ ची नोटीस आली की गायब होतात. प्रांतांसमोर हजरच राहत नाहीत. मग एकतर्फी हुकूम होतो आणि माझ्याकडे येऊन म्हणतात, 'वकीलसाहेब, आमचं ऐकूनच घेतलं नाही.' अरे, तू ऐकवायला आलास कुठे?

जर्सीताईंचं वाचून वाटलं, कायदा कुठलाही असो, पळणाऱ्याचं नशीब सगळीकडे सारखंच.

पलूसकर_पाटील
म्हंजे मी बरोबर बोललो हुतो. स्क्रीनशॉट काढून ठिवतो, बायकोला दाखवायला.

अजिंक्यतारा
साताऱ्याचा माणूस म्हणून एक अवांतर केल्याशिवाय राहवत नाही. देशाबाहेर नाही तरी राज्याबाहेर काढल्याची आपल्याकडची सगळ्यात मोठी केस म्हणजे प्रतापसिंह महाराजांची. १८३९ मध्ये कंपनी सरकारने गादीवरून उतरवलं आणि काशीला धाडलं. महाराजांना समोर बसवून रीतसर सुनावणी अशी झालीच नाही. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथे ठाण मांडून बसले. अर्ज, भाषणं, छापील पत्रकं, पार्लमेंटातल्या लोकांच्या गाठीभेटी. महाराज १८४७ ला काशीतच वारले, दुसऱ्या वर्षी राज्यच खालसा झालं, तरी हा माणूस लगेच परतला नाही.

परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या कायद्याने भांडायचं म्हणजे काय, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या माणसाने करून पाहिलंय. साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकाकडे फिरायला जाता तेव्हा रंगो बापूजींची आठवण ठेवत जा.

भडंगप्रेमी
आणि त्यांची फी कुणी दिली असेल चौदा वर्षांची?

अजिंक्यतारा
कर्ज झालं होतं डोक्यावर. त्या काळातही.

विट्याचा_गलाई
आमच्या भागात परदेश म्हणजे आखात. देशात कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात विटा-आटपाडी-खानापूरचा माणूस सापडणार, आणि त्यातलीच काही पोरं दुबईला. माझा चुलतभाऊ तिथं मालकाशी भांडून बाहेर पडला. पासपोर्ट मालकाकडं, व्हिसा संपलेला, रोजचा दंड चढतोय. दोन वर्षं लपून काम केलं. मग २०२४ ला १ सप्टेंबरपासून सरकारनं माफी जाहीर केली, पुढं ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. दंड माफ, परत यायला बंदी नाही. वकिलातीतून आउटपास (पासपोर्टाऐवजी परतीचा कागद) काढला आणि आला घरी.

पण त्या दोन वर्षांत तीन एजंटांनी त्याला धुतला. प्रत्येक जण म्हणायचा, 'माझी आत ओळख हाय.' माफी फुकट होती, आणि तिचे पण पैसे मागत होते दलाल. म्हणून सांगतो ताई, पाच लाखवाल्याला दारात उभं करू नका. मिरजेतनं टेक्सासचा जज सेट हुतोय होय!

संजयनगर_सांगली
मला वेगळं बोलायचंय, राग मानू नका. नियम मोडला तर जायला पाहिजे. आपल्याकडे कुणी बेकायदा राहिला तर आपण काय म्हणतो? त्याला हाकला म्हणतो. मग आपल्या मुलावर वेळ आली की लगेच कोर्ट आणि हक्क कसे आठवतात?

काळाकोट_सातारा
प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचा १९४६ चा विदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, आणि तोही कडक आहे. पण 'जायला पाहिजे' आणि 'ऐकून न घेता घालवा' यात फरक आहे. मी दोन्हीकडे तेच म्हणेन. नियम मोडला का, हे आधी कुणीतरी तपासू तर दे.

संजयनगर_सांगली
त्यात दुमत नाही. पण मुलाने काय केलं ते धाग्यात अजून आलेलं नाही. नोकरी गेल्यावर इतके दिवस तो तिथे कशावर राहिला? काहीतरी गाळलंय.

संपादक मंडळ
इतर देशांच्या लोकांवरचे चार प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथेही काढून टाकू.

हरिपूररोड · २० एप्रिल
संजयनगर, तुमचं वाचून दोन दिवस राग आला होता. मग भाच्यालाच विचारलं. तुम्ही बरोबर होतात.

ओपीटीमध्ये ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. त्याचे सत्तर-बहात्तर दिवस झाले तेव्हा एका कन्सल्टन्सीने सांगितलं, आम्ही तुला पेरोलवर (पगारपत्रकावर) दाखवतो, तू महिन्याला आम्हाला पैसे दे. काम काहीच नाही. याने चार महिने दिले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. अर्ज नामंजूर होताना याच कंपनीबद्दल विचारणा झाली होती म्हणे. तेव्हा त्याने 'मी तिथे काम करत होतो' असं लिहून दिलंय.

आता फोनवर रडत होता. म्हणतो, मावशी, वकिलाला हे सांगायचं की नाही?

मिरज_ते_जर्सी
सांगायचं. सगळं, तारखांसकट. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, तो ते सरकारला जाऊन सांगत नाही. पण वकिलाला माहीत नसेल आणि भर कोर्टात 'आईस'च्या वकिलाने कागद काढला, तर वाचवायला कुणी उरत नाही. खोटं विधान हा स्टेटस संपण्यापेक्षा फार जड मामला आहे, पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात तो मागे लागू शकतो. आणि त्यावर आता स्वतःच्या मनाने दुसरं काही लिहून पाठवायचं नाही. एक शब्दही नाही. कोर्टात आरोप 'मान्य' की 'अमान्य' हेही वकिलाने सांगितल्याशिवाय बोलायचं नाही.

वकील शोधण्याबद्दल. तिकडे या केसेसमध्ये सरकार फुकट वकील देत नाही. आपला आपण आणायचा हक्क आहे. पहिल्या तारखेला जज बहुधा विचारतात, वकील हवा का, आणि वेळ देतात. ती पहिली तारीख पाच-दहा मिनिटांची असते, पंचवीस-तीस जणांना एकामागून एक पुकारतात. निकाल त्या दिवशी होत नाही.

प्रत्येक इमिग्रेशन कोर्टाकडे मोफत किंवा कमी पैशांत मदत करणाऱ्या संस्थांची यादी असते, ती नोटिशीबरोबर देतात किंवा वेबसाइटवर सापडते. लॉ कॉलेजांची क्लिनिकं असतात, तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी खऱ्या केसेस चालवतात, आणि मी पाहिलंय की ती पोरं जीव तोडून करतात. खासगी वकील घेतला तर त्याचं लायसन्स त्या त्या राज्याच्या बारच्या साइटवर नाव टाकून बघायचं, दोन मिनिटांचं काम. कायद्याने मान्यता दिलेल्या संस्थेतला 'अक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह' असेल तर तो वकील नसूनही चालतो. पण 'कन्सल्टंट', 'व्हिसा एक्सपर्ट', 'नोटरी' हे चालत नाहीत.

काळाकोट_सातारा
नोटरीचा मुद्दा इथल्या लोकांनी नीट लक्षात घ्यावा. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी बहुधा वकीलच असतो, काळा कोट घालून. अमेरिकेत नोटरी म्हणजे फक्त सही-शिक्क्याचा साक्षीदार. त्याला कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकार नाही. आपली माणसं 'नोटरी' पाटी बघून वकील समजून पैसे मोजतात.

इथून काय करता येईल, तर कागद. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, कर्जाची मंजुरी, हप्ते भरल्याच्या पावत्या, वडिलांच्या आजारपणाची फाइल असेल तर ती. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं सही करून द्यावं लागतं.

हरिपूररोड
मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. मीच केलं तर?

मिरज_ते_जर्सी
येईल तुम्हाला, पण नातेवाइकाने केलेलं भाषांतर समोरचा वकील उगाच कुरतडत बसतो. तुमच्याच एखाद्या मैत्रिणीकडून करून घ्या. आणि हो, कोर्टात मराठी दुभाषा मागता येतो. कामापुरतं इंग्रजी येणाऱ्या मुलांनीही महत्त्वाच्या सुनावणीला मागावा. घाबरलेला माणूस इंग्रजीत 'येस, येस' म्हणत सुटतो.

भडंगप्रेमी
मराठी दुभाषा पुण्याचा निघाला तर साहेबालाच शुद्धलेखन शिकवत बसायचा.

कृष्णामाई
माझ्या ओळखीतल्या एका मुलाला तिकडे उचलून नेलं होतं. घरच्यांना दोन दिवस पत्ताच नाही. तसं झालं तर इथून काय करायचं असतं?

मिरज_ते_जर्सी
'आईस'च्या साइटवर अटकेतल्या माणसाला शोधायची सोय आहे. ए-नंबर आणि जन्मदेश टाकला की कुठल्या केंद्रात आहे ते दिसतं. नावावरूनही शोधता येतं, पण नाव त्यांच्या नोंदीत जसं आहे तस्संच हवं, आणि आपल्याकडे आडनाव-वडिलांचं नाव यांचा गोंधळ ठरलेला. म्हणून तर ए-नंबर घरी लिहून ठेवा म्हटलं. दिसत नसेल तर भारतीय वकिलातीला कळवा. अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी बोलायचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे. परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे, तिथे सांगलीत बसून तक्रार नोंदवता येते, नंबर मिळतो. अडचणीतल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून एक कल्याण निधीही आहे, त्यातून गरजूंना कायदेशीर मदत मिळू शकते. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

जामिनाची सुनावणी मागता येते का, हे माणूस कसा आत शिरला आणि त्याच्यावर गुन्हे आहेत का यावर अवलंबून. तो वकिलाचाच प्रांत. घरच्यांनी फोनवर एवढंच बजावायचं, न समजलेल्या कागदावर सही करू नकोस. सही केली की कधीकधी जजसमोर उभं राहायचा हक्कच सोडून दिलेला असतो.

निवृत्त_बँकवाला
कर्जाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मुलगा परत आला म्हणून बँक दुसऱ्या दिवशी बागेवर बोर्ड लावत नाही. हप्ते थकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा, लेखी. माझ्या टेबलावर आलेल्या लोकांत जे आधी आले त्यांचं काहीतरी झालं. जे नोटीस आल्यावर आले त्यांच्यासाठी माझ्या हातातही फार काही उरलेलं नसायचं. पण ताई, त्यासाठी दाजींना सांगावं लागेल. कर्जदार ते आहेत.

कोयनाकाठ
मीही हेच म्हणणार होतो. अकरा हजार किलोमीटरवरचा जज परवडला, पण तासगावला कोण सांगणार, असं चाललंय तुमचं.

हरिपूररोड
त्यापेक्षा लांब आहे टेक्सास. पण मुद्दा पोचला. सांगवत नाही हो. आक्काने पेढे वाटले होते सगळ्या गल्लीत.

विट्याचा_गलाई
पेढ्याचंच तर भ्या असतंय. माझा चुलतभाऊ दोन वर्षं लपला तो पोलिसाला भिऊन न्हवं, गावाला भिऊन.

हरिपूररोड · ३० मे
पहिली तारीख झाली. तिकडे सकाळचे साडेआठ, इकडे संध्याकाळचे सात. मी देवापाशी दिवा लावून फोन मांडीवर घेऊन बसले होते.

वकील मिळाली, एका लॉ कॉलेजच्या क्लिनिकमधून. दोन विद्यार्थी आणि त्यांच्या बाई. पहिल्या भेटीत तीन तास बसवलं आणि पेरोलवाली सगळी हकिकत लिहून घेतली. बाईंनी रागावलंही म्हणे, पण हाकललं नाही. जजसमोर सहा मिनिटं. कोर्टाने जुलैची तारीख दिली. पत्त्याचा फॉर्म त्याने एप्रिलमध्येच भरला होता, बरं झालं, कारण तारखेचा पुढचा कागद नव्या पत्त्यावरच आला.

एक शंका. त्याला कुणीतरी सांगितलं की १८० दिवस झाले की तीन वर्षं बंदी, वर्ष झालं की दहा. हा तर कधीच पार झालाय.

मिरज_ते_जर्सी
नियम खरा आहे, पण दिवस कधीपासून मोजायचे हा कळीचा प्रश्न. विद्यार्थी म्हणून आत सोडताना आय-९४ वर (देशात आल्याच्या नोंदीवर) तारखेऐवजी 'डी/एस' (म्हणजे स्टेटस असेपर्यंत) लिहिलेलं असेल, तर नुसतं स्टेटस गेल्यावर ते दिवस आपोआप मोजायला लागत नाहीत. सरकारने अर्जावर तसा निर्णय दिला किंवा जजनी हुकूम दिला, तिथून मोजतात. याच्या बाबतीत अर्ज नामंजूर झालाय, म्हणजे त्या पत्राची तारीख महत्त्वाची. ते पत्र बाईंना दाखवलंय ना?

हरिपूररोड
दाखवलंय. त्याही हेच म्हणाल्या, आणि म्हणून फार रेंगाळू नकोस म्हणाल्या.

पलूसकर_पाटील
ताई, मी रोज ह्या धाग्यावर येऊन बघतोय. माझा काय संबंध न्हाई, पण सवय लागली.

हरिपूररोड · २४ जुलै
झालं. बाईंनी सगळे मार्ग तपासले. आश्रय वगैरे मागण्यासारखं त्याच्याकडे काही नाही, आणि खोटं रचायला त्यांनी साफ नकार दिला (भाच्याच्या एका मित्राने तो सल्लाही दिला होता). पेरोलचा डाग असताना केस ताणली तर उलटेल, असं त्यांचं मत पडलं. म्हणून व्हॉलंटरी डिपार्चर मागितलं. सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही, जजनी १२० दिवस दिले. निघाल्याचा पुरावा, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, सगळं जपून ठेवायला सांगितलंय.

आता घरचं. रविवारी तासगावला गेले. मुद्दाम बागेत जाऊन सांगितलं, घरात आक्कासमोर तोंड उघडेना म्हणून आधी दाजींना. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. एक काडी मोडली, दुसरी मोडली. मग म्हणाले, 'ऑक्टोबर छाटणीच्या आधी येतोय का?'

आक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मलाच फोन, 'एप्रिलपास्नं तू एकटीच घेऊन बसलीस व्हय गं?' आणि भांडली. मला जरा बरं वाटलं.

निवृत्त_बँकवाला
शाखेत कधी जाताय?

हरिपूररोड
सोमवारी. दाजी स्वतः येतायत. तुम्ही सांगितलेला अर्जाचा मसुदा घेऊनच.

भडंगप्रेमी
छाटणीला मजूर मिळत नाहीत अशी बोंब आहेच. एमएस झालेला मिळाला तर बाग धन्य होईल.

संजयनगर_सांगली
ताई, मागे जरा तिखट बोललो होतो. भाचा आला की कळवा. आमच्या कारखान्यात ऑटोमेशनचं काम आहे, बघू काही जमतंय का. खोट्या पेरोलवर नाही, खऱ्या.

सहावी_गल्ली_इचलकरंजी · २ ऑगस्ट
धागा वर काढतोय, माफ करा. माझ्या मेव्हण्यालाही परवा असाच कागद आलाय, शिकागोला. घरात सगळे रडतायत, सासरे म्हणतात उद्याच तिकीट काढा. एक जण तीन लाखांत करून देतो म्हणतोय. कुठून सुरुवात करू?

हरिपूररोड
कागदावर वर नऊ आकडी ए-नंबर असेल, तो आधी लिहून घ्या. आणि मेव्हण्याला विचारा, नोटीस आल्यापासून घर बदललंय का.